टीनी म्हणजे कोण

समुद्रावरून धुकं चढून आलं की पोर्टगार्वी गावात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. म्हणूनच एक अनोळखी तरुण एल्स्पेथच्या अंगावर येऊन आदळला आणि तिच्या टोपलीतले धुरी दिलेले हॅडॉक मासे बंदराच्या फरशीवर पसरले.

"माफ करा... मी स्लेटरांचं घर शोधत होतो," मासे गोळा करत तो म्हणाला.

"मग सापडलंच समजा. या गल्लीत सगळी घरं स्लेटरांचीच. मीसुद्धा स्लेटर."

त्याने वर पाहिलं. पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब, डोळ्यांत हसू... एल्स्पेथला उगाचच आपल्या एप्रनला येणाऱ्या धुराच्या वासाची लाज वाटली.

त्याचं नाव इनिस. डंडी शहरातून आला होता. तिच्या माशांच्या दुकानात चहा घेता घेता त्याने सगळं सांगितलं. त्याची आजी नॅन मूळची इथली, कुणा जॉन स्लेटर नावाच्या कोळ्याची मुलगी. तरुणपणी तिने डंडीच्या मुलाबरोबर पळून जाऊन लग्न केलं. थोरली बहीण टीनी म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस. दोघींनी तो शब्द आयुष्यभर पाळला. गेल्या हिवाळ्यात नॅनला अर्धांगाचा झटका आला, आठवणीतलं बरंचसं पुसून गेलं. आता ती एकच विचारत असते, टीनी आली का?

"टीनी म्हणजे क्रिस्टिना, असं सगळे सांगतात. होत्या नव्हत्या तेवढ्या क्रिस्टिना स्लेटर शोधल्या. एकही आजीची बहीण निघाली नाही."

"सगळे म्हणजे शहरातले," एल्स्पेथ म्हणाली. "इकडे मुलगा होणार म्हणून नाव आधीच ठरलेलं असायचं. मुलगी झाली की त्यालाच शेपूट लावायचे. विल्यमची विल्यमिना, मार्टिनची मार्टिना, म्हणजे तीही टीनीच. आणि जॉन स्लेटर म्हणाल तर अर्धं गाव."

"तुमच्या नावाला कसं नाही लागलं शेपूट?"

"मी चौथी मुलगी. तोवर बाबांनी आशा सोडली होती."

तो मोकळेपणाने हसला, आणि खाणावळीतली खोली त्याने आठवडाभरासाठी घेतली.

दुपारी दुकान बंद झालं की दोघं म्हाताऱ्या माणसांची दारं ठोठावायचे. माहिती थोडी मिळायची, चहा आणि शॉर्टब्रेडची बिस्किटं फार. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. एकदा चढावरच्या ओल्या पायऱ्यांवर तिचा पाय घसरला. त्याने हात धरला... आणि पायऱ्या संपल्या तरी सोडला नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

मग ते दफनभूमीत गेले. तो एका बाजूच्या थडग्यांवरचं शेवाळ घासून नावं वाचत होता, ती दुसऱ्या बाजूच्या. एका दगडापाशी ती थबकली — क्लेमेंटिना स्लेटर. तिची स्वतःची आजी. गाव तिला मेंटी म्हणायचं. पण क्लेमें-टिना... वडील जॉन, वयही जुळत होतं. म्हणजे नॅनची वाट पाहणं फुकट. आणि इनिस...

"तिकडे काही?" त्याने हाक दिली.

"नाही," दगड झाकेल अशी उभी राहत ती म्हणाली.

सकाळी ती खाणावळीत गेली, तेव्हा तो न्याहारी करत होता.

"काल मी खोटं बोलले. माझ्या आजीचं नाव क्लेमेंटिना. तीच टीनी असेल, तर तू माझा भाऊ लागतोस."

"मग त्यात एवढं काय?"

"तुला कळतंय."

त्याने कप खाली ठेवला. "कळतंय. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं... चल, विचारू कुणाला तरी."

मेंटीची जन्माची मैत्रीण म्हणजे शेजारची बॉबीमावशी. एवढी दारं ठोठावली, तिचंच तेवढं राहून गेलं होतं. ती बटाटे सोलत बसली होती.

"मावशी, आजीला कुणी टीनी म्हणायचं का गं?"

"मेंटीला? ती एकुलती एक. तिला कोण टीनी म्हणेल?" मग मावशीची सुरी थांबली. "हे नाव कुठून आणलंस?"

"माझ्या आजीकडून," इनिस म्हणाला. "नॅन."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. "माझं नाव रॉबर्टिना," ती हळूच म्हणाली. "गाव बॉबी म्हणतं. टीनी म्हणणारी एकच होती. ती गेली, मग कुणी म्हटलं नाही."

रांगत होती तेव्हापासून एल्स्पेथ या घरात खेळली होती. मावशीचं खरं नाव विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

इनिसने डंडीला फोन लावला. त्याच्या आईने तो नॅनच्या कानाशी धरला.

"नॅन? मी गं..." मावशी फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून एक अडखळता आवाज आला. "टीनी, उशीर केलास."

"तूही केलास," मावशी म्हणाली आणि तिने एप्रनने डोळे पुसले. थोड्या वेळाने ती नॅनला दरडावत होती, नीट जेवत का नाहीस म्हणून.

खिडकीपाशी इनिस कुजबुजला, "म्हणजे मी भाऊ नाही."

"नाहीस."

"मग कोण आहे?"

एल्स्पेथने त्याच्या स्वेटरच्या बाहीला चिकटलेलं शेवाळ बोटाने हलकेच काढलं, आणि बोट तिथेच राहू दिलं.

मावशीने फोनवर हात ठेवला. "नॅन विचारतेय, पोरगा परत कधी येणार?"

"सांग तिला, शनिवारी," एल्स्पेथ म्हणाली. "आणि म्हणावं, घरी सांगून ठेव, आम्हा तिघांचा स्वयंपाक करा."