दारात उरलेल्या वहाणा

हे खरं आहे. पटवून देत बसायचं त्राण आता माझ्यात नाही.

शुक्रवार होता, अठ्ठेचाळीसचा भाद्रपद. सेलूला स्टेशनपलीकडच्या नव्या वस्तीतलं वाचनालय. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला असली दुसरी इमारत नव्हती. गोल कोपरा, भिंतींवर सिमेंटच्या आडव्या पट्ट्या, लोखंडी चौकटींच्या खिडक्या, आत गुळगुळीत लाल फरशी. लोक तिला जहाज म्हणायचे. जहाज कुणी पाहिलं होतं, देव जाणे.

माझे आजोबा माधवराव तिथले ग्रंथपाल. फरशी जपायची म्हणून वहाणा दाराबाहेर काढायच्या, हा नियम. आणि संध्याकाळी बाहेर एकही जोड उरला नाही, तरच कुलूप.

तो गोल कोपरा बांधला होता सटवाजी गवंड्याने. त्याला अक्षर येत नव्हतं. तरी रोज दुपारी यायचा.

"मास्तर, काय छापलंय ते वाचा की. आयकतो अन् पडतो जरा."

आजोबा वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. तो कपाटांमागच्या गारव्यात झोपून जायचा.

त्या शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ओरड झाली, रझाकार आले. वाचक पळाले. आजोबांनी घाईने दार ओढलं.

बाहेर एक जोड उरला होता... जाड तळाचा, चुन्याने पांढरा पडलेला.

कुणीतरी अनवाणीच पळालं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कुलूप लावलं. बायकोपोरांना घेऊन पोखर्णी गाठली.

नऊ दिवसांनी परतले. निजामाचं राज्य संपलं होतं. वहाणा तिथेच होत्या.

सटवाजी आत होता.

झोपेतच गेला, असं डॉक्टर म्हणाले. पण तो कपाटांमागे नव्हता. दाराला पाठ टेकून बसला होता.

त्याची बायको कडूबाई रडली नाही. वहाणा उचलून घेतल्या आणि एवढंच म्हणाली,

"ह्या दारात व्हत्या ना, मास्तर? मंग कुलूप कसं लावलं तुमी?"



वाचनालय पुन्हा उघडलं, त्या पहिल्याच संध्याकाळी सगळे वाचक गेल्यावर आजोबा दारात आले...

एक जोड उरला होता. चुन्याने पांढरा.

ते आत गेले. कपाटांमागे कुणी नव्हतं. फक्त तिथली फरशी... कोमट लागली.

"सटवाजी, चल बाबा. कुलूप लावायचंय."

बाहेर आले, तर दार रिकामं.

मग रोज तेच. सव्वीस वर्षं. अंगात ताप असला तरी जायचे. किल्ली दुसऱ्याला द्या, असं आजी म्हणायची.

"हाक मारल्याशिवाय तो निघत नाही गं," ते म्हणायचे. "मी लय थकलोय. पण हाक कोण मारील?"

ते गेले तेव्हा त्यांच्या वहाणा मी स्वतः दुधना नदीत सोडल्या. डाव्या वहाणेच्या अंगठ्याला तांब्याच्या तारेचा टाका होता.

गेल्या वर्षी सेलूला गेलो होतो. वाचनालय अजून चालू आहे. बंद करायच्या वेळी बाहेर आलो, पायात चप्पल घालायला वाकलो...

शेजारी दोन जोड होते.

एक चुन्याने पांढरा. दुसऱ्याच्या डाव्या अंगठ्याला तांब्याची तार.

शिपाई कुलूप घेऊन आला. "आत कुणी न्हाई ना, साहेब?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही."

कडी सरकल्याचा आवाज आला. मी मागे न बघता स्टेशनकडे चालत सुटलो.

दोनच हाका मारायच्या होत्या. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.