तीन गाठींची वायर

गॅरेजच्या दारात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला, आणि टेम्पोखाली उताणी पडलेल्या मिस्त्रीणबाईंचं कपाळ लोखंडावर आपटलं. ती बाहेर आली ती तोंडात शिवी घेऊनच. समोर लाल, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्‌स कार... वयानं तिच्याहून मोठी. शेजारी चोरासारखा उभा एक उंच माणूस.

"मिसिंग करतेय," तो म्हणाला. "चढाला गचके खाते."

"कळलं. कपाळाला कळलं."

त्यानं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून पुढे धरला. तिनं आधी हात पुसले, मग कपाळ. रुमाल गेला तो गेलाच. तो मात्र त्या काळ्या डागांकडे अशा नजरेनं बघत राहिला, जणू तिनं सही करून दिली होती.

तो दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. तिनं तिथल्या तिथे बारसं केलं – कानवाला.

दोष साधा होता. जुन्या इंजिनात पॉइंट असतात – दोन इवलाली टोकं, उघडमीट करतात आणि प्लगला ठिणगी मिळते. त्यांच्यातली फट जराशी चुकली तरी गाडी खोकते. कुणा दीडशहाण्यानं ती पार मिटवून ठेवली होती. हे ज्यानं केलं त्याला बैलगाडीलाही हात लावू देऊ नका, असं तिनं सांगितलं. कानवाला जमिनीकडे बघत राहिला. तिनं गेज, म्हणजे फट मोजायचं पातं, घालून फट बरोबर केली. गाडी गुणी बाळासारखी गेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात बार उडाला.

मंगळवारी बाबा पार्ट आणायला बाजारात जायचे. तिचे बाबा म्हणजे या धंद्यातला दबदबा. गेजला ते नवशिक्याची काठी म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले... इंजिन काय म्हणतंय ते त्यांना ऐकू यायचं. तिनं ते कान घेतले नव्हते, म्हणून ती गेज वापरायची. आणि गेज खोटं बोलत नाही. मग फट हलली कशी?

तिनं ती पुन्हा बसवली आणि तिच्या स्क्रूवरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली. कानवाल्यानं पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा बोटांना बोटं लागली – दोघांनीही ती हलवायला जरा उशीरच केला.

तिसऱ्या मंगळवारी ती रेघ तुटलेली होती.

"स्क्रू तुम्ही फिरवलात."

तो कानांपर्यंत लाल झाला. "हो."

"कशाला?"

"तुम्हाला... भेटायला."

ती थक्क. असला गाढवपणा तिच्यासाठी आजवर कुणी केला नव्हता. गॅरेज चालवणाऱ्या बाईची छाती काही लोखंडाची नसते. रागानं पाना उचलला खरा, पण हसू दाबायला तिला तोंड फिरवावं लागलं.

फट बसवूनही इंजिन अधूनमधून अडखळत होतं. तिनं भरदुपारी शटर ओढलं. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा फवारा मारला. तिसऱ्या वायरीच्या रबरी टोपीखालून निळी ठिणगी सरपटली. दोघांची डोकी इतकी जवळ आली की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. दाखवायला तिनं बोट नेलं आणि सणकन झटका बसला! त्यानं तिचा हात धरला... धरूनच ठेवला.

"सवय आहे मला," ती म्हणाली. हात मात्र सोडवला नाही.

मग इंजिन बंद करून तिनं दिवा लावला, टोपी ओढून काढली. आत वायरीला लाल दोरा. तीन गाठी.

पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन – त्या गाठींवर ती लहानपणी अंक मोजायला शिकली होती. जगात एकच माणूस अशा गाठी बांधायचा.

"या पण तुम्हीच बांधल्यात?"

त्याला पुढे खोटं बोलता येईना. दोन महिन्यांपूर्वी बाबा एकटेच दवाखान्यात आले होते. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेले. अंगणात ही गाडी दिसली, त्यांनी आपणहून बॉनेट उघडलं. तेव्हापासून दर शुक्रवारी तपासणी झाली की कान लावून ते ती 'नीट' करायचे. मुलीला सांगायचं नाही, असा शब्द त्यांनी घेतला होता, आणि पेशंटला दिलेला शब्द मोडता येत नाही.

"आणि पॉइंटऐवजी ब्रेक असता तर?" तिचा आवाज फाटला. "इथून सुटणाऱ्या गाडीत माणसं बसतात. तुम्ही दोघं मिळून मला उल्लू बनवत होतात."

"सांगता येत नव्हतं. दाखवता येत होतं. म्हणून दर मंगळवारी आणली."

"म्हणजे मला भेटायला आलात, तेही खोटंच."

त्यानं तोंड उघडलं तोच शटर वर गेलं. खांद्यावर पिशवी घेतलेले बाबा. लाल गाडी बघून ते जागीच थिजले. ती त्यांच्या पाठीमागे गेली. हळूच म्हणाली, "बाबा."

ते वळले नाहीत.

इतके महिने ते आपल्या तोंडाकडे टक लावून बघतात, ते तिला म्हातारपणाची माया वाटत होती. ते ओठ वाचत होते.

ती समोर आली आणि वायर त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी कानवाल्याकडे जळजळीत पाहिलं. त्यानं नाही सांगितलं, गाठींनी सांगितलं, असं ती म्हणाली. बाबा स्टुलावर बसले.

"कान गेले की मिस्त्री मेला, पोरी."

"बोटं आहेत ना अजून?" तिनं गेज त्यांच्या मुठीत कोंबलं. "आणि इथून पुढे ब्रेकच्या कामावर शेवटचा हात माझा. हे विचारत नाहीये, सांगतेय."

त्यांनी त्या पत्र्याच्या पात्यांवरून अंगठा फिरवला. मग उठले, फट मोजून बघितली, नवी वायर लावली. तिनं चावी फिरवली. चारही सिलिंडर एका दमात बोलू लागले. बाबांनी बॉनेटच्या कडेवर तळहात टेकला, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

त्या गडगडाटात कानवाला खिडकीशी वाकून तिला काहीतरी म्हणाला.

"काय?"

तो पुन्हा म्हणाला. अक्षर कळेना. बाबांनी मात्र डोळे उघडले होते. गाडीपलीकडून, कमी ऐकणाऱ्याच्या मोठ्या आवाजात ते ओरडले, "ते खोटं नव्हतं म्हणतोय! गाडी धड असती तरी आलो असतो म्हणतोय!"

कानवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती स्टिअरिंग धरून दगड झाली.

"आणखी पण काही म्हणाला," बाबा म्हणाले, "पण ते त्याचं त्यानं सांगावं. तुझे कान शाबूत आहेत. बंद कर गाडी आणि ऐक."

तिनं चावी उलटी फिरवली.