नानांच्या चित्रातले पाय

खोटं वाटत असेल त्याने खुशाल वाचणं सोडावं. मला कुणाला पटवायची हौस नाही.

पण माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगतो, हे घडलंय.

गेल्या मे महिन्यातला गुरुवार. दुपारचे तीन. जळगावात मेहरूणला माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

धुळ्याचे रुपचंदनाना सकाळीच एक चित्र टाकून गेले होते. नाटकवेडा म्हातारा. चित्र विलायती, दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं छापील. त्यात एक विनोदी नाच्या. पुढे-मागे कुबड, लांब नाक, पायात लाकडी जोडे. कळसूत्री बाहुलीचं सोंग घेऊन नाचायचा म्हणे, आणि लोक हसून हसून लोळायचे.

"कातर नको लाव, भो," नाना बजावून गेले. "बठ्ठा जीव त्याना पायस्मा शे."

घ्या! सगळा जीव म्हणे त्याच्या पायांत. आता मला शिकवणार. वीस वर्षं फ्रेमा करतोय मी. एक तयार फ्रेम पडून होती आणि चित्र तिच्यात दोन बोटं लांब भरत होतं. नवी फ्रेम कोण करत बसणार त्या उकाड्यात? कटर घेतला आणि खालून सर्रकन कापलं.

घोट्यापासून पाय गेले.

चित्र फ्रेममध्ये बसवलं, पण तो तुकडा फेकला नाही. आम्ही कागद फेकत नाही, दुसऱ्या फ्रेमच्या मागे भर म्हणून घालतो. समोर माझ्या पोरीचा, भूमिकाचा फोटो होता, नाचताना काढलेला. त्याच्यामागे तुकडा दाबला आणि खिळे ठोकले.

तेवढ्यात... टक्.

मी कूलर बंद केला. शांत.

टक्... टक्-टक्...

लाकूड फरशीवर आपटावं तसं. दुकानात मी एकटा होतो.

"पप्पाऽ!"

भूमिका किंचाळली. चौदा वर्षांची पोर. रविवारी धुळ्याला नृत्यस्पर्धा होती, दिवसभर घरात सराव चालायचा. धावत आत गेलो तर ती फरशीवर बसलेली. पाय सोडलेल्या दोरीसारखे पडलेले.

"मला पायच नाहीयेत, पप्पा."

"मग हे काय आहेत, येडे?" मी खेकसलो.

"दिसतायत... पण नाहीयेत."

डॉक्टर झाले. एक्स-रे झाला. सगळं नॉर्मल. सारिका, माझी बायको, रडून रडून अर्धी झाली. भूमिका रडतही नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नाच सोडून त्या पोरीला दुसरं काही सुचतच नव्हतं हो कधी. आता ती काय करणार होती?

शनिवारी दुपारी दुकान उघडलं. चित्र कोपऱ्यात टेकवलेलं होतं. आधी तो नाच्या कुठेतरी वर बघून हसत होता.

आता... माझ्याकडे बघत होता. आणि हसत नव्हता.

कापलेले पाय मी कुठे घातले होते ते आठवलं. भूमिकाचा फोटो ओढून घेतला, खिळे उपटले, तुकडा बाहेर काढला...

कोरा.

पाय नव्हते. नुसता पिवळा कागद.

मी हात जोडले. हो, मी! देवालाही कधी धड नमस्कार न करणारा माणूस. म्हटलं, "चुकलं बाबा. हवे तर माझे घे. तिचे दे."

मग चित्र फ्रेममधून काढलं आणि तो कोरा तुकडा खळ लावून खाली जोडला.

कागद ओला होता. त्यावर हळूहळू पाय उमटू लागले...

लाकडी जोडे नव्हते. अनवाणी पाय. लहान. उजव्या घोट्यावर भाजल्याचा डाग.

तो डाग मी कसा विसरेन? सहा वर्षांची असताना माझ्याच गाडीच्या सायलेन्सरला भूमिकाचा पाय भाजला होता.

मागच्या खोलीत... टक्.

"अहो, उभी राहिली!" सारिका ओरडली. "पोर उभी राहिली हो!"

रविवारी धुळ्यात भूमिका पहिली आली. तसा नाच तिला कुणीच शिकवला नव्हता. लोक पोट धरून हसत होते. तिचा चेहरा तेवढा रडवेला होता. अनवाणी नाचत होती, तरी स्टेजवर आवाज येत होता... टक्-टक्...

नानांना चित्र तिथेच दिलं. त्यांनी चिकटवलेल्या जोडावरून बोट फिरवलं. बोट त्या अनवाणी पायांवर येऊन थांबलं.

"या कोना पाय शेतस, भो?"

नानांनी चित्र परत माझ्या हातात दिलं आणि मागे वळून न बघता निघून गेले.

ते आता माझ्या भिंतीवर आहे. फाडता येत नाही, जाळता येत नाही. माझ्या पोरीचे पाय आहेत त्यात. आणि तो मेला पुन्हा हसायला लागलाय, माझ्याकडे बघून.

भूमिकाच्या घोट्यावर डाग राहिलेला नाही.

रोज दुपारी तीनला टक्-टक् सुरू होतं. काल मी ओरडलो, "बस कर गं, किती नाचशील!"

ती घामाने निथळत होती. रडत म्हणाली, "मी कुठे नाचतेय, पप्पा? तुम्ही थांबवा ना या पायांना."

आता पावणेतीन झालेत. सारिका खोलीभर गाद्या अंथरतेय, पोर पडली तर लागू नये म्हणून.