सहीपुरत्या संचालक

बाईंचा उभा जन्म लहान मुलांना शिकवण्यात गेला होता. त्यामुळे कुठलीही अवघड गोष्ट समोर आली की त्या आधी तिचे तुकडे पाडत. गाडीत वकिलाच्या शेजारी बसल्या बसल्या त्यांनी त्यालाही तेच सांगितलं, "दुसरीतल्या पोराला सांगतोस तसं सांग. कलमंबिलमं नकोत."

वकील त्यांचाच जुना विद्यार्थी. लहानपणी त्याला र म्हणता येत नसे. बाईंनी रोज मधल्या सुट्टीत समोर बसवून तो म्हणवून घेतला होता. आता तो कोर्टात तासन्‌तास बोलायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. बाईंकडून मात्र घेत नव्हता. गाडी चालवता चालवता त्याने समजावलं, की कायद्याच्या लेखी कंपनी म्हणजे एक माणूसच. ती जन्माला येते, कमावते, कर भरते. एक दिवस तिला कागदोपत्री संपवताही येतं. बाईंच्या धाकट्या भावाची बटणांची कंपनी अशीच संपली होती, पण तिचा कर मागे राहिला होता. मेलेल्या कंपनीकडून वसूल काय करणार? म्हणून तो संचालकांकडून. संचालक दोनच. एक भाऊ, जो परदेशात जाऊन बसला होता आणि फोन उचलत नव्हता. दुसऱ्या बाई.

"म्हणजे माझं घर जाणार," बाई म्हणाल्या.

"नाही जाणार. कर थकला त्यात तुमची हयगय नव्हती, एवढं दाखवायचंय. तुम्ही कारभारात कधी नव्हताच. तिथं पाऊलसुद्धा टाकलं नाहीत. टाकलं नाहीत ना, बाई?"

"कुणी बोलावलं तर टाकणार."

हे खरं होतं, आणि त्यातला कडवटपणाही खरा होता. भाऊ कागद घेऊन आला होता तेव्हा म्हणाला होता, ताई, कायद्याला दोन माणसं लागतात, तू नुसतं नाव दे. बाईंनी दिलं. उद्घाटनाला त्याने बायकोच्या मावसभावंडांना बोलावलं, समोरच्या न्हाव्याला बोलावलं, ताईला नाही. फोटो तेवढे दाखवले. त्यानंतर कित्येक वर्षं बाई संध्याकाळी आपल्या खिडकीत बसून मनातल्या मनात त्या कारखान्यात जाऊन येत. आता यंत्रं थांबली असतील. आता दिवे लागले असतील. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. ज्या अपमानाने आतून पोखरलं, त्याच अपमानाच्या जोरावर आज घर वाचायचं होतं.

कारखाना गल्लीच्या टोकाला, शीतगृहाच्या मागे होता. कर अधिकारी काखेत बॅग धरून उभाच होता. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं. इमारत लवकरच नव्या मालकाच्या ताब्यात जाणार होती. त्याआधी अधिकाऱ्याला जागा बघायची होती आणि जुन्या फोरमनचा जबाब घ्यायचा होता.

फोरमनने मोठ्या लोखंडी फाटकातलं छोटं दार उघडलं. दाराची वरची पट्टी इतकी खाली होती की आधी वकिलाचं कपाळ तिच्यावर आपटलं, मग अधिकाऱ्याचं. त्याने दातांतल्या दातांत एक शिवी गिळली. बाई दोघांपेक्षा उंच, शाळेत पोरं पाठीमागे त्यांना जिराफ म्हणत. पण त्या दोघांच्याही आधी वाकून आत गेल्या होत्या.

"तुम्हाला बरी दिसली पट्टी," वकील कपाळ चोळत म्हणाला.

बाईंना ती दिसली नव्हती.

आत काळोख होता. जळक्या प्लॅस्टिकचा वास जिभेवर बसत होता. पायाखाली बटणं कुरकुरत होती. फोरमन सगळ्यांच्या मागून अजून दारातून आत येत होता, तेवढ्यात बाईंचा हात पत्र्याच्या कपाटामागे गेला, नळ आणि भिंत यांच्या सापटीत कोपरापर्यंत शिरला आणि त्या हाताने दिव्यांचं बटण दाबलं. नळीचे दिवे फडफडून लागले.

फोरमन बाईंच्या हाताकडे बघत होता.

"तुम्हाला कसं ठाऊक?" अधिकाऱ्याने विचारलं.

"चाचपडताना लागलं."

पण आपण चाचपडलो नव्हतो, हे बाईंना माहीत होतं.

अधिकारी एका खोक्यावर बसला आणि फोरमनला एकेक विचारू लागला. फोरमनने खाली मान घालून सांगितलं, की सगळा कारभार साहेबच बघायचे. कराचे पैसेही त्यांनीच दुसरीकडे फिरवले. या बाईंना आपण आजच बघतोय. अधिकारी नाक ओढत लिहून घेत होता. वकिलाने त्याच्या पाठीमागून बाईंकडे बघून डोळा मिचकावला, पाढा न चुकता म्हणून दाखवल्यासारखा.

मग सगळे वरच्या ऑफिसात गेले. एक टेबल, टेबलामागे दोन खुर्च्या. भावाच्या खुर्चीचे हात झिजून आतला स्पंज बाहेर आला होता. शेजारच्या खुर्चीवर दुकानातून आणताना असतं ते प्लॅस्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं.

"हिच्यावर कुणी बसलेलंच दिसत नाही," अधिकारी म्हणाला.

"तेच तर म्हणतोय साहेब मघापासून," वकील म्हणाला.

अधिकारी म्हणाला, बाईंनी तसं लिहून द्यावं, मग त्यांना आणखी त्रास देण्याचं त्याला काही कारण दिसत नाही. तो आणि वकील उजेडासाठी खिडकीपाशी गेले आणि मजकूर तयार करू लागले. बाईंना हुश्श म्हणावंसं वाटलं. सहज त्यांनी खुर्चीच्या वेष्टनावरून बोट फिरवलं. टेबलावर, फायलींवर, भावाच्या खुर्चीवर बोटभर धूळ होती. या खुर्चीवर काहीच नव्हतं.

"तुम्ही पुसता का ही?" त्यांनी हळू आवाजात फोरमनला विचारलं.

"नाही." त्याने खिडकीकडे एकदा पाहिलं. "मी खोटं नाही सांगितलं, बाई. तुम्ही कधी आला नाहीत. तुम्ही बोलता. त्या बोलायच्या नाहीत."

"कोण त्या?"

फोरमन बाईंकडे बघत नव्हता, खुर्चीकडे बघत होता. "दिवेलागणीला यायच्या. नुसत्या बसायच्या. साहेब आधी हसायचे, आली बघ ताई म्हणायचे. मग हसेनासे झाले. मग संध्याकाळी थांबेनासे झाले. शेवटी तर दिवसाही फिरकेनात. कारखाना काय असा चालतो?"

"आणि तुम्ही?"

"मला पगार होता."

वकिलाने हाक मारली. बाई खिडकीपाशी गेल्या. कागदावर लिहिलं होतं, की मी या जागेत आजपूर्वी कधीही आले नव्हते, आणि या कंपनीत जे कोणी माझ्या नावाने वावरले असेल त्याच्याशी माझा काहीही संबंध नाही.

"हे शेवटचं कशाला?"

"या साहेबांनी घातलं. पक्कं असलेलं बरं."

जे ठाऊक नाही ते लिहायचं नाही, असं त्यांनी मुलांच्या किती पिढ्यांना सांगितलं होतं. त्यांना आपल्या दोन खोल्या आठवल्या. खिडकी आठवली. या वयात कुणाच्या दारात जाऊन उभं राहणार?

त्यांनी सही केली.

पाठीमागे प्लॅस्टिक हलकेच कुरकुरलं, बसलेलं माणूस उठल्यावर कुरकुरतं तसं.

कुणी वळून पाहिलं नाही. फोरमन तेवढा एक पाऊल मागे सरला.

खाली रस्त्यावर ऊन होतं. अधिकारी नमस्कार करून निघून गेला. वकील खुशीत होता. उद्यापासून सुखाने झोपा, म्हणाला. फोरमन हातात कुलूप घेऊन छोट्या दारापाशी उभा होता. दार उघडंच होतं.

"लावा की," वकील ओरडून म्हणाला. "आत कोण राहिलंय?"

फोरमन बाजूला झाला, वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशी त्याने मान जरा झुकवली, आणि मग कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकताना त्याचे खांदे सैल पडले.

बाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं.

"अहो बाई, पुढे बसा ना."

बाई मागेच बसल्या आणि सरकत पलीकडच्या खिडकीपर्यंत गेल्या.

"दार लावा बाई."

"थांब जरा."

थोड्या वेळाने त्यांनी हात लांब केला आणि दार हळूहळू ओढून घेतलं, लहान मूल शेजारी बसलेलं असताना ओढतात तसं, मधे काही चेपणार नाही अशा बेताने.