सरूची सावली

रागात असले की माझ्या हातून भिंत चांगली घासली जाते. त्या दुपारी मात्र मी खुशीत निघाले होते. मी रंगकामाची कंत्राटं घेते. धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, मागची खोली रंगवायचीय. तूच ये, बाहेरचे फार लुबाडतात." घरचं काम, म्हणून माणसं न घेता पुट्टी, रोलर आणि पांढऱ्या रंगाची बादली घेऊन एकटीच गेले. मागची खोली म्हणजे आत्याची. उशिरा का होईना, याला तिची आठवण झाली म्हणायची.

फाटक उघडलं तर अंगण बोडकं. आत्याच्या खिडकीसमोरचा सरू नव्हताच. जमिनीलगत कापलेलं खोड होतं, त्यावरचा चीक अजून ओला होता, आणि शेजारी भावाची नवी कोरी गाडी उभी होती.

"झाड कुठंय?"

"पाडलं. स्मशानातलं झाड ते, येणारे-जाणारे नावं ठेवायचे. आणि गाडीला जागा नको?"

"आणि आत्या?"

तो बोटात किल्ली फिरवत राहिला. "वृद्धाश्रमात ठेवलंय. चांगलाय. डॉक्टर येतात रोज."

ठेवलंय! जुनं कपाट ठेवावं तसं. आणि मला कुणी एका शब्दानं कळवलं नाही.

आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. मूल होत नाही म्हणून आत्याला सासरच्यांनी परत पाठवलेलं. बाबा तिला सरू म्हणायचे. उंच, ताठ, ना फूल ना फळ. सगळे हसायचे, तीही हसायची. एक दिवस तिनं खरोखरचं सरूचं रोप आणून खिडकीसमोर लावलं. "घ्या, आता आम्ही दोघी," म्हणाली. त्या सरूनं आम्हाला लहानाचं मोठं केलं. मला मायेनं, आणि याला तर तळहाताच्या फोडासारखं.

तशीच आश्रमात गेले. आत्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारचं ताट जसंच्या तसं.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं.

"तुझ्याकडे कशाला? घरी माझी खोली आहे की."

"त्यानं झाड तोडलं, आत्या."

"माहितीय. सरूला परत फूट येत नाही गं. तोडला की तोडला." मग हळूच विचारलं, "राजा जेवतो ना वेळेवर?"

अजून तो तिचा राजा म्हणे! मला तिचाही संताप आला.

घरी येऊन भावाला म्हटलं, "तिला परत आण. अन्न सोडलंय तिनं. अशानं मरेल."

"ताई, ती आता या घरात येणार नाही. विषय संपला."

"येणार. मी खोली तिच्यासाठीच रंगवतेय."

त्यानंतर रोज भिंती घासल्या. पोपडे नव्हे, त्याची कातडीच सोलतेय असं वाटत होतं. शेवटचा हात द्यायचा राहिला होता, त्या दुपारी खिडकी सताड उघडी होती, बाहेर रणरणतं ऊन होतं. रंगाच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळला. ओल्या लाकडाचा, तिखट, किंचित गोड. मग सळसळ ऐकू आली. बाहेर वारा म्हणून नव्हता.

भिंतीवर एक काळपट पट्टा उभा होता. जमिनीपासून छतापर्यंत, अरुंद, सरळ, वर निमुळता. ओल धरली असेल म्हणून हात लावला. भिंत कोरडी होती. त्यावरून रोलर फिरवला, तर पट्टा रोलरवर आला, माझ्या मनगटावर आला. सावली होती ती. मी वळून पाहिलं. खिडकीत नुसतं आकाश. आणि भिंतीवरचं टोक हलत होतं… सावकाश.

"अरे… इकडे ये जरा."

भाऊ आला. आधी हसला. मग हसू ओसरलं.

"कशाची सावली आहे ही?"

"तूच सांग."

तो भिंतीजवळ गेला, तळवा टेकवला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो ऐकत राहिला. "कधी?… आत्ता?…" आणि फोन तसाच हातात धरून माझ्याकडे वळला. न सांगताच मला कळलं. आत्या गेली होती.

भिंत आता लख्ख पांढरी होती. सावली त्याच्या अंगावर होती, डोक्यापासून पायापर्यंत.

ती अजून उतरलेली नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं ठीक म्हणतात. भर उन्हात हा अंगणात स्वेटर घालून बसतो. ओठ निळे, केस दमट. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? करावं तसं भरावं. मुद्दाम बघायला गेले मी. पण त्याच्या तोंडावर भीती नव्हतीच. लहानपणी तिच्या कुशीत झोपायचा, तसा निवांत होता तो.

"ती इथंच आहे, ताई," तो कुजबुजला. "मला ऊन लागू देत नाही…"

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "आत्या! यानं तुला घराबाहेर काढलं, आणि मेल्यावरही तुला याचंच पडलंय? आणि हे लाड आहेत का? गोठून मरेल तो! सोड त्याला!" त्याचं मनगट धरून मी त्याला उन्हात ओढायला लागले.

सळसळ झाली. माझ्या उजव्या हातावर चापट बसली. अंगणात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. जन्मात कधी तिनं मला बोटही लावलं नव्हतं, तुम्हीच सांगा, आता लावावं?

मी हात सोडला आणि निघून आले. तो तिथंच आहे, दिवसेंदिवस वाळत चाललाय. आणि माझं म्हणाल तर… तो दिवा जरा पुढे ओढा. अजून जवळ. हा डावा हात, दिसतोय ना? बोटं, रेषा, सगळं? आता हा उजवा बघा. त्याच दिव्याशी धरलाय मी, चटका बसेल इतका जवळ, तरी गारच…

दिसतोय का तुम्हाला?