मधलं कुंपण

जमीन बघायला आलेला माणूस साधारणपणे कमरेवर हात ठेवून उभा राहतो, चारी दिशांना बघतो आणि पाणी कुठे आहे ते विचारतो. हा मात्र गुडघ्यांवर बसला होता... मूठभर माती नाकाशी धरून, डोळे मिटून.

ती बांधावरच थबकली. "काका, हे कोण?"

एजंटकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, खिशातली वही उघडली आणि जीभ चावली. एकाच जागेसाठी एकाच वेळी त्यांनी दोन गिऱ्हाईकं बोलावून ठेवली होती. पण काकांचे केस याच धंद्यात पांढरे झालेले. ते कसले डगमगतायत!

"उलट बरंच झालं की," ते म्हणाले. "तुम्हाला दीड एकर हवी, त्यांना दीड एकर हवी. आणि इथला एकही मालक तीन एकराच्या खाली तुकडा पाडून द्यायला तयार नाही. दोघं मिळून घ्या! मधे कुंपण घातलं की तुम्ही तुमच्या जागी, ते त्यांच्या जागी." आणि त्यांनी वहीत लगेच लिहूनही टाकलं — मधे कुंपण.

तो माणूस उठला, गुडघे झटकत जवळ आला.

"हुंगून झालं?" तिने विचारलं.

"झालं." तो हसला. त्याच्या नाकाच्या शेंड्याला माती लागली होती. तिने ते त्याला मुद्दाम सांगितलं नाही. "माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे मी. बारा वर्षं दुसऱ्यांच्याच मातीत हात घालतोय. म्हटलं, आता स्वतःची घ्यावी, रोपवाटिका काढावी. तुम्ही?"

"मी कान तपासते. दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत बसून लोकांना बीप ऐकवायची. आणि घरी आलं की वरच्या मजल्यावरचे लोक आज कपाट कुठे सरकवतायत, ते ऐकायचं. मला ऐकण्यासारखं काही ऐकू येईल अशी जागा हवी."

एवढं बोलून ती एका दगडावर बसली आणि डोळे मिटून पाच मिनिटं गप्प राहिली. तो आपल्याकडेच बघतोय, हे तिला डोळे न उघडताही कळलं, कारण त्याच्या पावलांचा आवाज थांबला होता.

"ट्रक," डोळे उघडून ती म्हणाली. "त्या टेकडीमागून मोठा रस्ता जातो. ही जागा नको."

"माती पण चिकणच आहे," म्हणत तो विहिरीत पाणी किती आहे ते बघायला वाकला, आणि वरच्या खिशातला फोन डुबुक् करून आत गेला.

ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तोही कठड्यावर बसून हसायला लागला. मग त्याने मातीची पिशवी भरली, प्रयोगशाळेचा फॉर्म काढला आणि डोकं खाजवलं. "फोन नंबर लागतो यावर. नवीन फोन येईपर्यंत... तुमचा टाकू?"

"टाका. पण एक विचारू? नाकाला माती लावायची पद्धत आहे का तुमच्यात?"

पुढच्या रविवारपासून ते दोघं त्याच्या जुन्या जीपमधून जमीन शोधत हिंडू लागले. जीपचं तिच्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही. गाडी थांबली की तो धावत वळसा घालून यायचा आणि दार उघडून उभा राहायचा. काका पुढे स्कूटरवर, मागे ही दोघं, मधे धूळ. जिथे जावं तिथले मालक म्हणायचे, "या वहिनी, सावलीत बसा. साहेबांना हिंडू द्या." पहिल्यांदा तिने घाईघाईने खुलासा केला. दुसऱ्यांदा नुसतीच खाकरली. तिसऱ्यांदा ती सावलीत जाऊन बसली.

जागा मात्र काही केल्या जमेना. तिला एखादी जागा ऐकावीशी वाटली की तो चिमटीत माती चोळून तोंड वाकडं करायचा. त्याला माती आवडली की हिला कुठेतरी पिठाची गिरणी ऐकू यायची. प्रत्येक ठिकाणची माती तो पिशवीत भरायचा आणि तिच्याकडे पाठ करून वर काहीतरी खरडायचा.

"काय लिहिता एवढं?"

"जागेची खूण. नंबर माझ्या डोक्यात राहत नाहीत."

"बघू."

"छे! सरकारी गुपित आहे."

"आणि रिपोर्ट कधी येणार?"

"गर्दी फार आहे हो प्रयोगशाळेत..." तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा.

तिची ताई फोनवर विचारायची, "काय गं, जमीन शोधताय की मोती? सहा रविवार झाले!" ती म्हणायची, जन्माचा प्रश्न आहे, घाई करून कसं चालेल? आणि शनिवारी रात्री केस धुवायची.

सातव्या रविवारी ती जागा सापडली.

ओढ्याकडे हळूच उतरत जाणारी तीन एकर, मधोमध एक डेरेदार झाड. नुकतीच एक सर येऊन गेली होती. एका छत्रीत दोघं आले होते, त्यामुळे तिचा डावा खांदा भिजला होता आणि त्याचा उजवा. ती झाडाखाली बसली. डोळे मिटले. दगडांवरून जाणारं पाणी. पानांवरून टपटपणारे थेंब. लांब कुठेतरी एक पक्षी, त्याला उत्तर देणारा दुसरा. आणि अगदी जवळ, त्याचा श्वास. तिला हसू आलं. हीच ती!

...आणि त्याच क्षणी तिला कुंपण आठवलं. आता 'हो' म्हटलं की उद्या कागदपत्रं. महिन्याभरात मधे कुंपण. तो तिकडे, आपण इकडे. जीप नाही, धूळ नाही, दार उघडायला धावत येणारं कुणी नाही. तिला तो हवा होता. जमिनीपेक्षा कितीतरी जास्त हवा होता. आणि त्याला काय हवं होतं? माती! सात रविवार त्याने मातीखेरीज कशाचं कौतुक केलं होतं?

"मोटर," ती म्हणाली. "पाण्याची मोटर चालू आहे कुठेतरी. सारखं घुंऽऽ होतंय. नको."

त्याने हातातली माती पिशवीत ओतली. मग म्हणाला, "हो... नाहीतरी पाणी धरणार नाही ही."

एजंटकाकांनी कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी दवाखान्यात ती एका आजोबांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावत होती, तोच फोन वाजला. पलीकडे कुणी मावशी होत्या.

"माती तपासणी प्रयोगशाळेतून बोलतेय. आमच्या साहेबांच्या कपाटात सात पिशव्या धूळ खात पडल्या होत्या. मी आपल्या तपासून टाकल्या. फॉर्मवर तुमचा नंबर होता, म्हणून रिपोर्ट तुम्हाला पाठवलाय. बाकी काही म्हणा, गावांची नावं फारच विचित्र आहेत हो तुमच्याकडे!"

तिने रिपोर्ट उघडला. पहिल्या रकान्यात जागेची खूण, पुढे निकाल. *फोन विहिरीत, तिचं हसणं* — चिकण, मध्यम. *चौदा शिंका, नाक लाल* — उत्तम. उत्तम? ही तर त्याने खारट म्हणून नाकारली होती! *चप्पल चिखलात, माझ्या खांद्यावर हात* — उत्तम. *रुसली, का ते कळलं नाही* — उत्तम. *अर्धं केळं मला दिलं. मोठं अर्धं.* मग एक *नवा निळा सदरा घातला, तिने पाहिलाच नाही.* आणि शेवटी — *डोळे मिटून हसली. इथेच.* — लागवडीस सर्वोत्तम, पाणी धरून ठेवणारी.

तिने तो कागद तीनदा वाचला. तिचे गाल तापले. निळा सदरा तिने पाहिला होता, चांगला डोळे भरून पाहिला होता, फक्त त्याला कळू दिलं नव्हतं! काचेपलीकडच्या आजोबांनी हात वर केला.

"आजोबा, मी अजून बीप दिलीच नाही!"

"माहितेय," आजोबा म्हणाले. "किती वेळची एकटीच हसतेस, म्हणून विचारतोय. बातमी चांगली आहे ना?"

संध्याकाळी काकांचा फोन आला. सातव्या जागेसाठी दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. रविवारी दुपारी ते लोक येणार होते.

"त्याआधी आम्ही येतो," ती म्हणाली. "वही घेऊन या."

रविवारी सकाळी जीप ओढ्याजवळ थांबली. तो नेहमीसारखा धावत वळसा घालून आला. दार तिसऱ्याच रविवारी दुरुस्त झालं होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बसून राहिली. त्याने दार उघडलं, ती उतरली आणि झाडाखाली जाऊन तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"मातीवाले, ही पाणी धरत नाही?"

त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळाच. "मावशींनी... अरे देवा! नंबर बदलायचाच राहिला."

"आणि चौदा शिंकांवाली? खारट होती ना?"

"जमीन मिळाली असती तर रविवार संपले असते," तो पायाखालच्या गवताकडे बघत म्हणाला. "पण ही... हिला मी हो म्हणणार होतो. आता आणखी खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. तर तुम्हीच मोटरचं काढलंत. इथे चार किलोमीटरपर्यंत विजेचा खांबसुद्धा नाही हो! तेव्हा कळलं, तुम्हाला माझा शेजार नको आहे."

आठवडाभर बिचारा हे मनात घेऊन बसला होता! तिला रडू आलं आणि हसूही.

"बस इथे," ती म्हणाली. तोंडून 'तू' गेलं ते गेलंच. "डोळे मिट. आवाज आला की हात वर करायचा. माझ्या दवाखान्यात सगळ्यांना हेच करावं लागतं."

तो बसला. ती दहा पावलं मागे गेली. "केळं."

हात वर.

आणखी दहा पावलं. "निळा सदरा. छान दिसतो."

हात वर. मिटल्या डोळ्यांनी तो हसत होता.

ती थेट ओढ्याच्या काठाशी गेली. इथे पाण्याचा आवाज होता आणि तिच्या छातीतला त्याहून मोठा. तिने अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मधलं कुंपण नको मला. तू हवास."

काहीच हललं नाही. पाणी वाहत होतं. एक पान गळून त्याच्या गुडघ्यावर पडलं. ऐकू आलं नसेल... आता पुन्हा म्हणायचं धाडस कुठून आणायचं?

मग त्याने हात वर केला. मग दुसराही.

"ऐकू आलं," डोळे न उघडता तो म्हणाला. "पण खात्री करायला हवी. तपासणी दोनदा करतात ना? जवळ येऊन म्हण. यापेक्षा हळू."

ती धावली. ओली चप्पल ओढ्याकाठीच राहिली.

जरा वेळाने बांधावरून काकांची हाक आली, "वहिनी, ते लोक यायची वेळ झाली! काय ते सांगा. कुंपणवाल्याला बोलावून ठेवू का?"

"घेतली, काका!" त्याच्या खांद्यावरून मान वर काढून ती ओरडली. ओठांतल्या ओठांत बोलायची आता काही गरज नव्हती. "सगळी घेतली! पण कुंपण नको!"

झाडावरचे पक्षी भर्रकन उडाले. एजंटकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, वही उघडून 'मधे कुंपण' या दोन शब्दांवर काट मारली, आणि ते दोघांकडे पाठ करून बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले.