हाँगकाँगचा काढा

“खरं सांग मालन, वाटेवर काय टाकलंस?”

सासू यमुनाबाईंनी केळीच्या पानात गोळा करून आणलेला तो ओला चोथा अंगणात आपटला. लाल लाल सुकी बोरं, लाकडाच्या ढलप्यांसारखे तुकडे, कसली तरी काळी मुळं... आणि वर तो कागद! कागदावर काळ्या शाईने काढलेली उभी उभी चित्रं, खाली लाल शिक्का. शेजारची गंगू पुढे वाकली, बघितलं न बघितलं तोच तोंडावर पदर दाबून मागे सरली.

“यंत्र हाय गो बाये ता! करणीचं यंत्र!”

ओटीवर थोरली जाऊ कमळा आपल्या दोन वर्षांच्या मैनाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तीन दिवस तापाने फणफणलेली, डोळे उघडायला तयार नाही. कमळाने एकदा त्या कागदाकडे बघितलं, एकदा मालनकडे, आणि पोरीला पदराखाली असं झाकलं, असं झाकलं, की मालनला तिचा केससुद्धा दिसेना. ताप येईपर्यंत हीच मैना तिच्या कडेवरून उतरायला मागत नव्हती हो!

एक शब्द... एकच शब्द बोलली असती तर मालन तिथल्या तिथे सुटली असती. पण तो शब्द तिच्या मालकीचा नव्हता.

त्या काळी रत्नागिरीत दर चार घरांमागे एक पुरुष दर्यावर असायचा. कोणी मचव्यावर, कोणी मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटीवर. बोट बंदराबाहेर उभी राहिली, भोंगा झाला, की अख्खा पेठकिल्ला माणसं उतरवून आणणाऱ्या पडावांची वाट बघत धक्क्यावर लोटायचा, आणि मग घराघरात चिनी मातीच्या बश्या नाहीतर रेशमी रुमाल यायचे... काय दिवस होते ते! मालनचा नवरा आत्माराम असाच चीनच्या बोटीवर आगवाला होता. खाली बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा घालायचा. दांडगा गडी. त्याच्या आईला वाटायचं, आपला मुलगा म्हणजे वाघ.

त्या वाघाचं काय झालंय ते फक्त मालनला ठाऊक होतं.

चार वर्षांमागे भर दर्यात बॉयलरची नळी फुटली, आणि आत्मारामचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत वाफेत भाजून मेला. हा वाचला. वाचला म्हणजे काय, श्वास चालू राहिला! झोप गेली, जेवण गेलं, हात थरथरायला लागले. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि जवळ आलेल्या मालनला म्हणायचा, “नको गो... मला काय सुचत नाय.” आणि बाहेर लोक मालनला विचारायचे, “अजून काय नाय?”

मग यंदा हाँगकाँगला राजापूरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्याला धरून एका चिनी वैद्याकडे नेलं. वैद्याने दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून किती तरी वेळ नाडी बघितली, जीभ बघितली, झोपेचं विचारलं. मग दुभाष्याकडून सांगितलं, “तुझं अंग धडधाकट आहे. घोर बसलाय आत. तो कोंडून राहिलाय, म्हणून पोर नाही आणि झोपही नाही.” पुड्या बांधून दिल्या, त्या शंभर दिवसांच्या. पाणी तीन वाट्यांचं एक वाटी करायचं, मातीच्या मडक्यात, मंद आचेवर. आणि चोथा टाकायचा तो वाहत्या वाटेवर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली दुखणं तुडवलं जातं, अशी त्यांच्याकडची रीत.

आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्या चिन्याला काय ठाऊक, आमच्या कोकणात वाटेवर काय टाकलं की त्याचा अर्थ काय होतो!

मालन रोज उजाडताना न्हाणीच्या चुलीवर काढा करायची. आत्माराम नाक चिमटीत धरून प्यायचा. “घोडं पण पिणार नाय असला काढा,” म्हणायचा. मालन हसून म्हणायची, “घोडं नका होऊ, आधी माणूस व्हा!” आणि तो हसायचा... चार वर्षांनी तो हसला होता! पण त्याने तिला शपथ घातली होती. “मालन, कोणाला कळता कामा नये. थरथरत्या हाताच्या गड्याला खलाशी भरणारा कुठला सारंग भट्टीवर घेणार नाय. आणि आयेला तर नकोच. मरेल ती.”

आठ दिवसांमागे तो गोदीत हजेरी द्यायला मुंबईला गेला, जाताना पुड्या घेऊन जायला लाजला. तिथे खोलीत दहा खलाशी, कोण विचारेल, काय सांगायचं? पुड्यांना बुरशी तर धरली नाही ना, म्हणून मालनने एक पुडी उकळून बघितली, वास तोच आहे का ते बघायला. आणि रिवाजाप्रमाणे चोथा वाटेवर टाकला. रोज ती पुडीतला वैद्याचा कागद चुलीत घालायची, त्या दिवशी तो त्यातच राहिला.

“बोल ना! दातखीळ बसली काय?” यमुनाबाई ओरडल्या.

मालन सुचलं ते बोलली, आणि तिथेच तिचा घात झाला.

“औषध हाय आई. माझं... पोर व्हावं म्हणून.”

गंगूच आधी बोलली, अगदी हळू. “पोर व्हावं म्हणून... वाटेवर? आणि इकडे मैनाला ताप?”

“माझ्या पोरीचं आयुष्य घेतेस गो!” कमळाने हंबरडा फोडला. “मी तुला बहीण म्हटलं! माझी पोर तुझ्या मांडीवर वाढली, आणि तू...”

“वहिनी, मैनाच्या पायाशी हात ठेवून सांगते...”

“हात लावू नकोस तिला!”

यमुनाबाईंनी वाटेकडे बोट केलं. “पावसला जा. तुझ्या भावाकडे. आत्माराम आला की मी त्याला दुसरी करून देईन. या उंबऱ्यात तुझं पाऊल नको.”

मालनने वाकून नमस्कार केला. सासूने पाय मागे घेतले. गाठोडं घेऊन ती भाट्याच्या खाडीवर आली, होडीत बसली, तेव्हा शेजारच्या बायका सरकून बसल्या. तिच्या मनात मात्र एकच... हे आले की यांना काढा कोण करून देणार?

पावसला भाऊ बाबूने गाठोडं आत नेऊन ठेवलं. वहिनीने पान वाढलं. मालन दिवसभर आंब्याखाली बसून राहायची.

तिकडे काय झालं ते तिला मागाहून कळलं. तापाच्या चौथ्या दिवशी मैनाच्या अंगावर पुरळ उठलं. साधा गोवर! आठवड्यात पोर अंगणात धावायला लागली. सगळ्यांना चूक कळली, पण चूक कळली तरी माणसाचे पाय उचलत नाहीत... मालनला आणायला कोणी निघालं नाही.

मग आत्माराम आला. मालन कुठे, विचारलं. सांगितलं त्याला. तो ओटीवर बसला. कमळाने चहाची कपबशी हातात दिली, तर कप बशीतल्या बशीत असा खडखडला, की अर्धा चहा त्याच्या धोतरावर.

“आये, बघ हात माझा. ता औषध माझं होतं.”

“तुझं? तुला काय धाड भरलीय? वाघासारखा माझा...”

“वाघ नाय आये!” आत्माराम लहान पोरासारखा रडायला लागला. “चार वर्षं मी झोपलो नाय. चार वर्षं मी नुसता नावाचा नवरा हाय तिचा. तिचा काय दोष नाय. मी शपथ घातली, आणि तिने ती पाळली... तुझ्या शिव्या खाऊन पाळली!”

यमुनाबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि निघाल्या. मुलगा म्हणाला मी जातो, तर म्हणाल्या, “मी हाकललं, मीच आणीन.”

साठीची बाई. खाडी ओलांडून भर उन्हात तीन कोस कातळातून चालत आली. मालन विहिरीवर होती. सासूला बघून तिच्या हातातला पोहरा सुटला.

“आई! अनवाणी आलात?”

यमुनाबाई विहिरीच्या कठड्यावर टेकल्या. पदराने पायांची धूळ झाडली. मग बोलल्या त्या कोणाशी तरी दुसऱ्याशीच बोलल्यासारख्या.

“तुझ्या सासऱ्यांचा मचवा बुडला होता. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. दोन्ही भाऊ गेले त्यांचे, हे फळीला धरून राहिले. त्यानंतर पाच वर्षं... पाच वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपले गो ते. आणि मी हेदवीच्या गणपतीला प्रदक्षिणा घालत होते. सगळे मला वांझ म्हणत होते, आणि मी गप्प. कोणाला सांगणार? कसं सांगणार?”

मालनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मला ठाऊक होतं मालन. सगळ्या गावात कोणाला नसेल, पण मला ठाऊक होतं, की गप्प बसलेल्या बाईच्या पोटात काय असतं. आणि मीच तुला विचारलं नाय! माझी मी विसरले... सासू झाले आणि विसरले!”

म्हातारीने हात जोडले. मालनने ते धरून आपल्या गालाला लावले, आणि दोघी त्या विहिरीवर अशा रडल्या, की बाबूची बायको पाण्याला आली ती रिकामी कळशी घेऊन परत गेली.

आत्मारामने पुढे बोट सोडली. पुड्या संपल्या, झोप हळूहळू आली. पोर झालं ते उशिरा, सहा वर्षांनी. ते काढ्याने झालं, की दर्या सोडल्याने, की घरात कोणी विचारेनासं झालं म्हणून, देव जाणे. पण मधल्या त्या सहा वर्षांत कोणी बाई हळदीकुंकवाला आली आणि म्हणाली, “काय यमुनाबाई, धाकटीला अजून काय नाय?” की म्हातारी पानाला चुना लावता लावता म्हणायची,

“आमच्या घरातलं आम्ही बघू. तू सुपारी घे, आणि आधी तुझी सून रोज का रडते ते विचार जा.”

आत मालन तांदूळ निवडत ऐकायची. कोणाला दिसायचं नाही, पण तिची बोटं तेव्हा सुपात तशीच थांबायची, आणि किती तरी वेळ एकही खडा निघायचा नाही.